साल्बाबचे पाय आणि साल्बाबचा आवाज

साल्वादोर म्हणून विचारलंत तर आमच्या वाडीत तुम्हाला कोणी घर दाखवणार नाही. साल्बाब म्हणा, मग बघा. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, अंगाने काटकुळे, डोक्यावर केस सगळे शाबूत आणि त्या केसांचा वाजवीपेक्षा जास्त अभिमान. मी त्यांची शेजारीण, सुभद्रा. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा आहे. माशाचं सार, फणसाचे गरे, भांडणं आणि नंतरचा समेट, सगळं इतकी वर्षं त्या गडग्यावरूनच इकडचं तिकडे झालंय.

साल्बाब शिंपी. मालवणच्या बाजारात त्यांचं पायमशीन होतं. मी शाळेत शिकवत होते तेव्हा माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्यांनी शिवलेल्या चड्ड्या घालून बसायची. पोरं मोठी व्हायची, चड्डी मात्र फाटायची नाही. मग ती धाकट्या भावाला मिळायची, म्हणून धाकटे भाऊ साल्बाबवर कायम नाराज असत. पाय मशीनवर आणि बिडी ओठात, असा त्यांचा सगळा जन्म गेला. दुकान बंद केल्यावर मशीन घरी आणलं, त्यावर आता कोन्सेसांव लोणच्याच्या बरण्या ठेवते. कोन्सेसांव म्हणजे त्यांची बायको. बोलायला कमी, पण जे बोलेल ते मापात.

पण गावात साल्बाबना मान आहे तो शिवणकामाचा नाही, लादीनचा आहे. मे महिन्यात आमच्याकडचे ख्रिस्ती लोक संध्याकाळी खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे जमतात. मेणबत्त्या लावतात. एकजण लॅटिनमधली प्रार्थना ओळीओळीने गातो आणि बाकीचे त्याला गाऊन उत्तर देतात. तीच लादीन. शेवटी उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटतात. मी हिंदू, मला त्या प्रार्थनेतलं एक अक्षर कळत नाही. चणे मात्र कळतात, आणि साल्बाबचा आवाज कळतो. त्यांनी वरचा सूर लावला की हातातलं काम टाकून गडग्याशी उभं राहावंसं वाटतं. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलेलं नाही. केसांचा अभिमान आहे तेवढा पुरे.

ह्या आवाजाचं श्रेय साल्बाब स्वतःला देत नाहीत, ते देतात एका निळ्या बाटलीला. त्यांचा मुलगा केव्हिन कुवेतला आहे. तो दर खेपेला तोंड धुण्याच्या औषधाच्या निळ्या बाटल्या आणतो, जंतू मारणाऱ्या, झणझणीत. एकदा घसा बसलेला असताना साल्बाबनी त्याने गुळण्या केल्या आणि त्या संध्याकाळी आवाज मोकळा लागला. झालं, तेव्हापासून सकाळी, दुपारी जेवल्यावर आणि रात्री गुळण्या चालू. सकाळची गुळणी इतकी मोठ्याने की मला गजराचं घड्याळ लावावं लागत नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरला आणि साल्बाबची पोटरी धरायला लागली. आधी चढावर, मग सपाटीवर. घरातून निघाले की रस्त्याखालच्या मोरीपर्यंत ठीक, मोरीच्या पुढे फणसाशी येईपर्यंत उभे राहत आणि आभाळाकडे बघत. कोणी विचारलं तर सांगत, घार बघतोय. ख्रिसमसपर्यंत वाडीतल्या सगळ्यांना कळलं की साल्बाबना घारींचा एकाएकी नाद लागलेला नाही.

आता खरी अडचण सांगते. लादीन घराघरांपुढे होते, पण शेवटची लादीन टेंबावर, आमच्या वाडीमागच्या टेकाडावरच्या जुन्या खुरसापाशी. तिथे जायला चिऱ्यांत खोदलेल्या पायऱ्या आणि मध्ये मध्ये उभा चढ. आणि वाडीचा रिवाज असा, की सांगणाऱ्याने, म्हणजे जो पहिली ओळ गातो त्याने, खुरसाकडे स्वतःच्या पायांनी जायचं. खुर्चीत बसवून उचलून नेलेला सांगणारा चालत नाही. साल्बाबच्या आधी त्यांचे काका सांगणारे होते. ज्या वर्षी त्यांना चढवेना, त्या वर्षी त्यांनी गाणं सोडलं. साल्बाब तिथून पुढे एकही वर्ष चुकले नव्हते.

कोन्सेसांवचा चुलतभाऊ डॅनियल. हा माणूस चांगला, पण त्याला सगळं सोपं करायची खोड. जानेवारीतच तो येऊन बसला.

"साल्बाब, यंदा टेंबावरची लादीन खाली रस्त्यार करूया. मांडव घालतंव, खुर्च्यो मांडतंव, स्पीकर लावतंव. तुमका चढूचा नको."

साल्बाबनी टेंबाकडे बघितलं. मग म्हणाले, "डॅनियल, खुरीस खाली येवचो नाय. मीच वर जातलंय."

डॅनियल गेल्यावर ते गडग्याशी, माझ्याकडे वळले. "माज्या पायांपायी खुरसाक रस्त्यार उतरवतले गो हे." हे बोलताना त्यांचे डोळे भरले. मला ह्या माणसाला रडताना बघायची सवय नव्हती, म्हणून मी उगीच त्यांच्यावर ओरडले आणि डॉक्टरकडे चला म्हणून पाठी लागले.

कणकवलीला गेलो तिघंही, एसटीने. डॉक्टर रसिका मूळची जामसंड्याची, वयाने माझ्या मुलीएवढी. दवाखान्यात बोलते ती स्वच्छ पुस्तकी मराठी. तिने साल्बाबच्या पायाच्या घोट्याला आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, पावलांवर बोटं ठेवून नाडी बघितली.

"अंकल, पायांकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्या आहेत. बसल्या जागी लागतं तेवढं रक्त पोचतं. चालायला लागलात की पोटरीचे स्नायू जास्त मागतात, तेवढं पोचत नाही, म्हणून दुखतं. थांबलात की मागणी कमी होते आणि दुखणं जातं."

"म्हणजे घार बघल्यार बरा वाटता ता खराच," साल्बाब म्हणाले.

तिने गोळ्या दिल्या. बिडी आजपासून बंद. रोज चालायचं, दुखलं की थांबायचं, दुखणं गेलं की परत चालायचं. मग म्हणाली, "आणखी एक गोष्ट. औषध नव्हे, जोड म्हणून. काही भाज्यांमध्ये असं एक द्रव्य असतं की त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि स्नायूंना जरा जास्त रक्त मिळतं. वयस्कर माणसांना त्याचा चालण्यासाठी उपयोग होताना दिसलाय. सगळ्यांना होईलच असं नाही. बीट, पालक, लाल माठ. लाल माठ मिळतो का तुमच्याकडे?"

लाल माठ मिळतो का. निवृत्त झाल्यापासून मी घरामागच्या वाफ्यांत दुसरं करते काय? माझा माठ मालवणच्या बाजारात पोचला की हातोहात संपतो. मी खुर्चीत ताठ बसले आणि सांगितलं, मिळतो, आणि जिल्ह्यात त्याला तोड नाही. कोन्सेसांवने मला कोपराने ढोसलं.

दुसऱ्या दिवसापासून गडग्यावरून रोज माठाची जुडी जायला लागली. कोन्सेसांव कांदा-मिरची आणि ओलं खोबरं घालून भाजी करायची. कधी माठाची आमटी, कधी बीट किसून त्यात दही. साल्बाब निमूटपणे खात. बिडीही त्यांनी सोडली, हे मात्र मला खरं वाटलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ कोन्सेसांव त्यांना घेऊन चालायला जायची. ती पुढे जायची नाही की मागे राहायची नाही. ते थांबले की तीही थांबायची आणि तीही आभाळाकडे बघायची.

महिना झाला. साल्बाब फणसाशी थांबायचे ते फणसाशीच थांबत होते. फार तर फणसाच्या पलीकडच्या बाजूला.

आणि इथे माझं डोकं फिरलं. कारण डॅनियल गावभर सांगत सुटला, की सुभद्राबाईंचा माठ खाऊन साल्बाब लाल झाले पण चालले काय नाय. बाजारात एक बाई मला म्हणाली, तुमच्या माठात आता पूर्वीसारखा कस नाही का हो? मी तिला भाजी विकली नाही. घरी येऊन वाफ्यात शेण टाकलं, जमीन उकरली, बी बदललं. रात्री झोप नाही. साल्बाबच्या पायांची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर माझ्या माठाचीही होती.

मार्चमध्ये परत कणकवलीला गेलो. डॉक्टर रसिकाने सगळं विचारलं. गोळ्या घेता? घेतो. चालता? चालतो. बिडी? कोन्सेसांवने सांतानाची, म्हणजे त्यांच्या संताची, शपथ घेऊन सांगितलं, बंद आहे.

"भाजी कशी करता? उकडून पाणी टाकून देता का?"

कोन्सेसांव दुखावली. "भाजयेचा पाणी कोण टाकता?"

साल्बाब हसले. डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "अंकल, रोज एवढा माठ खाता, तर तुमची जीभ नि दात एवढे पांढरे कसे?"

एवढं विचारायचा अवकाश, साल्बाब खुलले. केव्हिन, कुवेत, निळी बाटली, आवाज, सगळा इतिहास सांगितला. आणि माठ सुरू झाल्यापासून तोंड लाल होतं म्हणून आता भाजी खाल्ली की लगेच गुळणी, हेही सांगितलं. पूर्वी तीनदा करायचो, आता पाचदा-सहादा.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि तिची पुस्तकी मराठी कुठे गेली कोण जाणे. "अरे देवा, अंकल, तुमी भाजयेचो सगळो उपेग धुवन टाकलात."

मग तिने समजावलं. माठातलं ते द्रव्य जसंच्या तसं कामाचं नाही. आपल्या जिभेच्या मागच्या भागावर निरुपद्रवी जंतू राहतात, ते त्याचं रूप बदलतात. तसं बदललेलं ते लाळेबरोबर पोटात जातं आणि मग रक्तवाहिन्या सैल करायच्या कामाला लागतं. जंतू मारणाऱ्या औषधाने दिवसातून सहादा गुळण्या केल्या तर ते काम करायला जिभेवर कोणी उरतच नाही. "दात ब्रशने घासा, साध्या पाण्याने चूळ भरा. ही बाटली बंद."

मला त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली. माझ्या माठात खोट नव्हती. मी तिथल्या तिथे साल्बाबना म्हटलं, "माजो माठ तुमी तोंडातच मारलात, आणि गावभर नाव माजा खराब."

पण साल्बाब हसले नाहीत. येताना एसटीत खिडकीला डोकं लावून बसले होते.  घरी पोचल्यावर बल्कांवात, म्हणजे त्यांच्या घराच्या पुढच्या ओट्यावर, बसले आणि ती निळी बाटली मांडीवर घेतली.

"सुभद्रा, माका ह्या गावात पायांसाठी कोण वळखत नाय गो. बाटली सोडलंय आणि आवाज गेलो तर? मगे टेंबार जावन काय करू? चणे खावचे?"

मी तोंड उघडणार होते, की आवाज बाटलीतून येत नाही. पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. आपल्याला वेडगळ वाटतं ते दुसऱ्याच्या जिवाला किती लागलेलं असतं, हे दर वेळी कळतंच असं नाही. तेव्हा कळलं.

कोन्सेसांव आतून आली. हात पदराला पुसत म्हणाली, "आणि पाय गेले तर खंय गातलंस? रस्त्यार, डॅनियलच्या स्पीकरात?"

साल्बाबनी थोडा वेळ बाटलीकडे बघितलं. मग उठून गडग्याशी आले आणि ती माझ्या हातात दिली. "ही तुज्याकडे ठेव. घरात रवली तर माजो हात जातलो."

मी ती फळीवर आमसुलांच्या डब्यामागे ठेवली. पहिल्या आठवड्यात साल्बाब रोज काही ना काही निमित्त काढून येत. कधी विरजण, कधी वर्तमानपत्र. जाताना हळूच विचारत, "बाटली बरी आसा मा?"

"बरी आसा," मी सांगायची. "तुमची आठवण काढता."

सकाळची गुळणी बंद झाली आणि मी दोनदा उशिरा उठले. साल्बाब अंगणात सूर लावून बघायचे आणि अर्ध्यावर सोडून द्यायचे. आवाज फाटतोय म्हणायचे. मला तर तो पूर्वीसारखाच वाटत होता, पण गाणाऱ्याला कोण सांगणार? केव्हिनचा फोन आला की नवीन बाटल्या आणू का, तेव्हा कोन्सेसांवने परस्पर सांगितलं, काजू नेण्यासाठी रिकामे डबे आण.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी वाफ्याला पाणी घालत होते, तर साल्बाब फणसाच्या पुढच्या वळणावर दिसले. थांबले नव्हते, चालत होते. मी पाण्याचा पाइप तसाच सोडून रस्त्यावर गेले. ते ओहोळापर्यंत गेले, तिथे थांबले, परत निघाले. पोटरी अजून दुखत होती, पण उशिरा दुखत होती. डॉक्टर रसिका फोनवर म्हणाली, गोळ्या, चालणं, बिडी सोडणं, सगळ्याचं मिळून आहे. कोन्सेसांव म्हणाली, सांतान पावला. मी म्हटलं, माठ. साल्बाबनी आम्हा तिघींनाही हो म्हटलं.

मे महिन्यात घराघरांपुढच्या लादीन झाल्या. त्या सपाटीवरच्या, साल्बाबनी जपून, बेताने गायल्या. टेंबावरच्या दिवशी मात्र कोन्सेसांव सकाळपासून कामात. चणे उकडायला घातले होते, ते माझ्यावर सोपवून ती पिशवी घेऊन टेंबाच्या वाटेने गेली आणि दुपारी घामाघूम होऊन आली. काय केलंस विचारलं तर काही नाही म्हणाली.

ते संध्याकाळी कळलं. टेंबाच्या वाटेवर आजवर दोनच ठिकाणी मेणबत्ती लावायचा रिवाज, पायथ्याशी आणि अर्ध्या वाटेवरच्या दगडी चौथऱ्यावर. प्रत्येक मेणबत्तीपाशी सगळ्यांनी थांबायचं, ती लावायची, मनात प्रार्थना म्हणायची आणि मगच पुढे जायचं. यंदा वाटेकडेच्या गडग्यावर, काजूच्या बुंध्याशी, पायरीच्या कडेला, जिथे तिथे नारळाच्या करवंटीत मेणबत्ती ठेवलेली. साल्बाबची पोटरी जिथे जिथे धरेल तिथे तिथे. इतके महिने कोन्सेसांव त्यांच्या शेजारून चालत होती, तिला त्या पोटरीची त्यांच्यापेक्षा जास्त माहिती होती.

"गो, यंदा मेणबत्त्यो जास्त कित्याक?" डॅनियलने विचारलं.

"यंदा पुण्य जास्त व्हया," कोन्सेसांव म्हणाली.

सगळी वाडी थांबली, मेणबत्त्या लागल्या, माणसं चढली, परत थांबली. कोणाच्या लक्षात आलं नाही की हा एका माणसाचा विसावा आहे. मी चण्यांचं पातेलं घेऊन मागे होते. प्रत्येक थांब्यावर साल्बाब वाकून मेणबत्ती लावत, जरा जास्तच वेळ लावत, आणि मग पाऊल उचलत. शेवटच्या पायऱ्यांवर कोणीतरी हात पुढे केला, तो त्यांनी नुसता दाबून सोडून दिला. साल्बाब वर पोचले. स्वतःच्या पायांनी. मला रडू आलं आणि पातेलं हातात असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

खालून समुद्राचा आवाज येत होता. माणसं खुरसापुढे गोळा झाली, साल्बाब पुढे उभे राहिले. श्वास पूर्ण बसला नव्हता. त्यांनी नेहमीचा वरचा सूर घेतला, आणि आवाज मधेच फाटला. खाकरून परत घेतला, तोही तुटला.  डॅनियलला पहिली ओळ येते, त्याने मान वर केली. साल्बाबनी खुरसाचा चौथरा हाताने घट्ट धरला होता. मला आठवली ती फळीवरची बाटली, आणि वाटलं की आपणच त्यांना ह्या तोंडघशी पडण्यापर्यंत आणलं.

तेवढ्यात मागे बायकांमधून ती ओळ आली. खालच्या सुरात, सावकाश, कुठेही न ताणता. कोन्सेसांव गात होती. इतकी वर्षं ती घोळक्यात उत्तर द्यायची. तिचा एकटीचा आवाज आमच्यापैकी कोणी ऐकलाच नव्हता. साल्बाब वळले, तिच्याकडे बघितलं, आणि दुसरी ओळ त्यांनी तिच्या सुरातून उचलली. ती फाटली नाही. तिसरीही नाही. त्या खालच्या सुरात त्यांचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, आणि मला तो वरच्या सुरापेक्षा आवडला. लादीन शेवटपर्यंत तशीच झाली.

चणे वाटून झाले. साल्बाब पायरीवर पाय पसरून बसले होते, पोटरी चोळत. मी त्यांच्या ओंजळीत चणे घातले तेव्हा ते हळूच म्हणाले, "पाय इले गो वर, सुभद्रा. आवाज तेवढो खाली रवलो."

कोन्सेसांव खोबऱ्याचं ताट घेऊन मागेच उभी होती. "खाली खंय?" ती म्हणाली. "मी घेवन इलंय मा तो."

 साल्बाब पायरीवर थोडे सरकले आणि तिला बसायला जागा केली.